प्रजाजन आणि नागरिक : पुण्यात जन्मलेले आजोबा ‘ब्रिटिश’ होते का?

(१) गोव्यातील एखाद्याला आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाल्याचे आपण ऐकतो आणि मनात प्रश्न उभा राहतो : माझे आजोबा १९३० साली पुण्यात, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातच जन्मले, मग त्यांच्या नातवाला ब्रिटनचे नागरिकत्व का मागता येऊ नये? प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याच्या उत्तरात चारशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

(२) शंकेला आधारही असतो. १९२० च्या पासपोर्ट कायद्यानंतर हिंदुस्थान सरकारने दिलेले जुने पासपोर्ट काही घरांतील ट्रंकांत अजून सापडतात. त्यात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘जन्माने ब्रिटिश प्रजाजन’ असे इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले असते. कागद खरा, शिक्का खरा, आजोबाही खरे. मग घोटाळा कुठे आहे? तो ‘प्रजाजन’ या एका शब्दात आहे.

(३) प्रजाजन आणि नागरिक हे समानार्थी शब्द नव्हेत. प्रजाजनाचे नाते राजाशी असते, नागरिकाचे राज्याशी. प्रजाजनाकडून निष्ठा अपेक्षित असते, नागरिकाला हक्क मागता येतो. आश्चर्य वाटेल, पण १९४९ सालाच्या आधी ‘ब्रिटिश नागरिक’ नावाची कायदेशीर गोष्ट अस्तित्वातच नव्हती. लंडनमध्ये जन्मलेला इंग्रजही तोवर प्रजाजनच होता.

(४) या कल्पनेचे मूळ १६०८ सालच्या एका खटल्यात सापडते. स्कॉटलंडचा राजा जेम्स हा इंग्लंडच्याही गादीवर आला होता. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट कॅल्विन नावाच्या बालकाला इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येईल का, असा वाद होता. न्यायाधीशांनी निर्णय दिला : जो राजाच्या निष्ठाक्षेत्रात जन्मला, तो राजाचा प्रजाजन. पुढे साम्राज्य वाढले तसे हे निष्ठाक्षेत्रही वाढत गेले आणि १८१८ नंतर मुळा-मुठेच्या काठापर्यंत येऊन पोहोचले.

(५) १९१४ च्या कायद्याने हेच तत्त्व लेखी झाले : राजाच्या मुलखात आणि निष्ठेत जन्मलेली व्यक्ती ही जन्मसिद्ध ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे कसबा पेठेतल्या वाड्यात जन्मलेले बाळ आणि पुणे कॅम्पात गोऱ्या सैनिकाच्या घरी जन्मलेले बाळ, कायद्याच्या अक्षराने दोघांचा दर्जा एकच. या दोन बाळांना लक्षात ठेवा. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होणार आहेत.

(६) तिसरे बाळही जवळच आहे. पुण्याहून दक्षिणेकडे भोरला गेलात तर तिथे संस्थानी राज्य होते. भोर, औंध, सांगली, कोल्हापूर ही संस्थाने ब्रिटिश वर्चस्वाखाली होती, पण राजाच्या मुलखात मोडत नव्हती. तिथे जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश प्रजाजन ठरत नसे. तिला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ म्हणत. दोन गावांत एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासाएवढे अंतर, पण पासपोर्टवरचा शब्द बदलत असे.

(७) प्रजाजन असण्याला काही किंमत होती का? होती. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेले आणि १८९५ मध्ये मंचेरजी भावनगरी निवडून आले, ते प्रजाजन म्हणूनच. मुंबईत जन्मलेल्या माणसाला वेस्टमिन्स्टरचे दार निदान कागदावर उघडे होते. पण साम्राज्यातील प्रत्येक दाराची किल्ली काही तीच नव्हती.

(८) हे पुण्याने फार जवळून पाहिले. भारत सेवक समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथले हिंदी लोक ब्रिटिश प्रजाजनच होते. तरीही नाताळमध्ये मुदतबंदीतून सुटलेल्या मजुरांवर माणशी तीन पौंडांचा वार्षिक कर लादलेला होता आणि नव्या हिंदी माणसांच्या प्रवेशावर निर्बंध होते. राजा एक, राजनिष्ठा एक, पण हक्क मात्र वर्णाप्रमाणे वेगळे, हेच गोखल्यांच्या तक्रारीचे सार होते.

(९) १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाज ३७६ प्रवाशांना घेऊन कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात पोहोचले. प्रवासी हिंदी, म्हणजेच ब्रिटिश प्रजाजन. बंदर ब्रिटिश साम्राज्यातलेच. तरीही मोजक्यांचा अपवाद सोडता कोणालाही उतरू दिले गेले नाही आणि जहाज परत पाठवण्यात आले. समान प्रजाजनत्व म्हणजे समान प्रवेश नव्हे, हे त्या बंदरात जगजाहीर झाले.

(१०) आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. राजाच्या मुलखाबाहेर जन्मलेल्या अपत्याचे काय? १७३० च्या कायद्याने पित्याच्या नात्याने मुलांना आणि १७७२ च्या कायद्याने त्याच रेषेत नातवंडांना प्रजाजन मानले. १९१४ मध्ये ही साखळी एका पिढीपुरती आखडली गेली. १९२२ मध्ये ती पुन्हा सैल झाली, मात्र एका अटीवर : अपत्याची नोंद ब्रिटिश वकिलातीत वर्षभराच्या आत झाली पाहिजे. परदेशी जन्म, वकिलातीतील नोंद आणि मुदत ही त्रयी तेव्हापासून या विषयाला चिकटली ती आजतागायत.

(११) या साऱ्या कायद्यांत एक व्यक्ती मात्र कुठेच दिसत नाही. ती म्हणजे आई. प्रजाजनत्व परदेशात वाहून नेण्याचा अधिकार केवळ पित्याला होता. इतकेच नव्हे, तर १८७० पासून परकीयाशी विवाह करणारी ब्रिटिश स्त्री स्वतःचेच प्रजाजनत्व गमावून परकीय ठरत असे. स्त्रीचे राष्ट्रीयत्व हे पतीच्या सावलीसारखे मानले जाई. या गोष्टीचे परिणाम पुढे शंभर वर्षे पुरले.

(१२) १९४६ मध्ये कॅनडाने स्वतःचा नागरिकत्व कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९४७ पासून तो अंमलात आला. साम्राज्यातील एक देश ‘आमचे नागरिक आम्ही ठरवू’ असे म्हणू लागताच जुनी व्यवस्था कोसळणे अटळ होते. सगळेच स्वतंत्र देश आपापले नागरिक ठरवणार असतील, तर ब्रिटनचे स्वतःचे असे कोण? हा प्रश्न लंडनपुढे प्रथमच उभा राहिला.

(१३) उत्तर म्हणून आला १९४८ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा, जो १ जानेवारी १९४९ रोजी लागू झाला. त्याने ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतींचे नागरिकत्व’ हा नवा दर्जा निर्माण केला. तो कोणाला मिळणार? ढोबळमानाने सांगायचे तर दोघांना : जो स्वतः त्या दिवशी ब्रिटन वा तिच्या वसाहती असलेल्या भूमीवर जन्मला होता त्याला, किंवा ज्याचा पिता तसा जन्मला होता त्याला.

(१४) वाक्यातील ‘त्या दिवशी’ हे शब्द निर्णायक आहेत. जन्माच्या वेळी ती भूमी कोणाची होती, हा प्रश्नच नव्हता. १ जानेवारी १९४९ रोजी ती कोणाची होती, एवढेच पाहिले जाणार होते. भारत त्या आधी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्या नकाशातून बाहेर पडला होता. म्हणजे १९३० साली पुण्यात झालेला जन्म नव्या नागरिकत्वासाठी उपयोगाचा राहिला नाही. आजोबा होते तिथेच होते. रेषा मात्र त्यांच्या मागून सरकली.

(१५) मग कसबा पेठेतल्या बाळाचे काय झाले? ब्रिटिश कायद्याने त्याला ‘भारताचा संभाव्य नागरिक’ मानले आणि तोवर ‘नागरिकत्वाविना ब्रिटिश प्रजाजन’ अशा अधांतरी दर्जात ठेवले. भारतीय संविधानाची नागरिकत्वाविषयीची कलमे, ५ ते ९, ही २६ जानेवारी १९५० ची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली. त्या दिवशी पुणेकर खऱ्या अर्थाने नागरिक झाला, आणि तो भारताचा.

(१६) कॅम्पातल्या बाळाचे काय? त्याचा सैनिक पिता समजा इंग्लंडातील लीड्समध्ये जन्मलेला होता. मग पुण्यात जन्मूनही ते मूल पित्यामुळे ब्रिटनचे नागरिक झाले. मात्र त्यातही मेख होती. ज्याचे नागरिकत्व केवळ पित्याच्या वंशाने आलेले, त्याला ते परदेशात जन्मलेल्या आपल्या अपत्याकडे आपोआप सोपवता येत नसे. त्यासाठी वकिलातीतील नोंद किंवा पित्याची सरकारी सेवा यांसारख्या अटी होत्या.

(१७) सर्वांत बिकट अवस्था होती ती मधल्या बाळाची : पुण्याच्या अँग्लो-इंडियन समाजातील मुलांची. इंग्रजी भाषा, ख्रिस्ती धर्म, रेल्वे, तारखाते वा दारूगोळा कारखान्यातली नोकरी, पण पिता आणि आजोबाही बहुधा इथेच जन्मलेले. अशांसाठी कायद्यात नोंदणीची एक वाट होती. पुरुषरेषेने, म्हणजे बाप, बापाचा बाप असे चढत जाऊन ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पूर्वजापर्यंत पोहोचायचे आणि ब्रिटनच्या हद्दीत स्थायिक होण्याचा इरादा दाखवायचा.

(१८) त्यासाठी कागद हवा. इथे चर्चची जुनी वही कामी येई. पुण्यातील सेंट मेरीज चर्चचा अभिषेक १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाला. अशा चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात ‘एन/३’ या वर्गात जपलेल्या आहेत. धार्मिक विधीची एक ओळ नागरिकत्वाचा पुरावा झाली.

(१९) पण ही ओळ पुरुषांचीच हवी. आई वा आजी इंग्लंडात जन्मलेली असून उपयोग नसे. गंमत अशी की आपल्या संविधानातील कलम ३६६(२) मध्ये अँग्लो-इंडियन या शब्दाची जी व्याख्या आहे, तीही पुरुषरेषेतील युरोपीय पूर्वजावरच उभी आहे. ती १९३५ च्या कायद्यातून आली. सोडून जाण्यासाठी आणि राहण्यासाठीही या समाजाला बापाचेच नाव सांगावे लागले.

(२०) आता एका प्रसिद्ध माणसाची गोष्ट. स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. वडील लिओ मिलिगन ब्रिटिश हिंदी सैन्यात, आई फ्लोरेन्स इंग्लिश. बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. पुण्यातल्या जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये तो शिकला, पुढे रंगूनला गेला. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी कुटुंब इंग्लंडला परतले. ‘परतले’ हा शब्द आई-वडिलांसाठी खरा. स्पाइकसाठी तो देश नवाच होता.

(२१) दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश तोफखान्यात लढला, उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत. १९४४ मध्ये इटलीतील लढाईत जखमी झाला. १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर गाजलेल्या ‘द गून शो’चा तो प्रमुख लेखक आणि कलाकार होता. पुढच्या पिढीतील ब्रिटिश विनोदकारांनी त्याचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. ब्रिटिशपणाची याहून मोठी साक्ष कोणती हवी होती?

(२२) कायद्याला वेगळी साक्ष हवी होती. स्पाइक स्वतः भारतात जन्मलेला. ती भूमी १९४९ च्या रेषेबाहेर. पिता लिओ आयर्लंडमधील स्लायगोचा. लिओ जन्मला तेव्हा स्लायगो युनायटेड किंगडमचाच भाग होता. पण १९२२ मध्ये तो भाग वेगळा झाला आणि १९४९ मध्ये आयर्लंडने राष्ट्रकुलही सोडले. म्हणजे मुलाची जन्मभूमीही रेषेबाहेर आणि बापाचीही. आई इंग्लिश होती, परंतु आईची ओळ कायद्याला दिसतच नव्हती.

(२३) १९६० मध्ये त्याने ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्याने नकार दिला आणि पासपोर्ट मिळाला नाही. ज्या राजाच्या सैन्यात राहून रक्त सांडले, त्याच राजगादीपुढे पुन्हा निष्ठा सिद्ध करण्याची ती मागणी होती. १९६२ मध्ये पित्याच्या नात्याने तो आयर्लंडचा नागरिक झाला आणि अखेरपर्यंत तसाच राहिला. आयर्लंडच्या १९५६ च्या कायद्यात आई वा वडील, कोणाचेही नाते चालत होते.

(२४) २००१ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहुड दिला, पण तो मानद. परकीय नागरिकाला नावामागे ‘सर’ लावता येत नाही. २७ फेब्रुवारी २००२ रोजी तो वारला. ससेक्समधील विंचेल्सी गावी त्याच्या थडग्यावर ‘मी आजारी आहे हे मी सांगितलेच होते’ अशा अर्थाचा त्याचा विनोद कोरलेला आहे, आणि तो इंग्रजीत नसून आयरिश भाषेत आहे. चर्चने इंग्रजीतील मजकुराला संमती दिली नव्हती.

(२५) आता पुन्हा आपल्या आजोबांकडे वळू. १९४८ च्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती : राष्ट्रकुलातील प्रत्येक देशाचा नागरिक हा ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने ‘ब्रिटिश प्रजाजन’ही राहील. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, म्हणून १९७५ साली डेक्कनवर चहा पिणारा पुणेकरही लंडनच्या कायद्यात प्रजाजनच होता! १ जुलै १९६२ रोजी राष्ट्रकुल स्थलांतर कायदा लागू होईपर्यंत त्याला ब्रिटनमध्ये व्हिसाविना राहण्याचा व नोकरी करण्याचा हक्कही होता.

(२६) १९६२ नंतर ते दार लोटले गेले आणि १९६८ मध्ये आणखी पुढची पायरी आली. केनियातील अनेक हिंदी लोकांकडे ब्रिटनचाच पासपोर्ट होता. त्यांत गुजराती आणि पंजाबी बहुसंख्य, पण गोवेकर आणि मराठीही होते. ते ब्रिटनकडे निघताच पार्लमेंटने तीन दिवसांत कायदा केला : आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले वा तिथे नागरिकत्व मिळवलेले नसेल, तर पासपोर्ट असूनही मुक्त प्रवेश नाही. मिलिगनला पासपोर्टच मिळाला नव्हता; यांच्या हाती पासपोर्ट होता, पण तो पोकळ झाला.

(२७) १९८१ चा कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि आजची व्यवस्था त्यावरच उभी आहे. ‘ब्रिटिश नागरिक’ हा दर्जा तेव्हा निर्माण झाला. ‘ब्रिटिश प्रजाजन’ ही संज्ञा आखडत जाऊन प्रामुख्याने १९४९ पूर्वी भारतीय उपखंडाशी वा आयर्लंडशी नाते असलेल्या आणि दुसरे नागरिकत्व न मिळालेल्या थोड्या लोकांपुरती उरली. एकेकाळी पृथ्वीवरील कोट्यवधींना लावलेला शब्द अखेर एवढ्याशा कोपऱ्यात जाऊन बसला.

(२८) त्याच दिवसापासून आईलाही नागरिकत्व अपत्याकडे सोपवण्याचा हक्क मिळाला. पण १९८३ पूर्वी जन्मलेल्यांचे काय? २००३ पासून ७ फेब्रुवारी १९६१ नंतर जन्मलेल्या आणि २०१० पासून त्याआधीच्याही अपत्यांना ब्रिटिश आईच्या नात्याने नोंदणीचा अर्ज करता येऊ लागला. अविवाहित पित्याच्या मुलांना १ जुलै २००६ पासूनच्या जन्मांसाठी समान हक्क मिळाला. त्याआधी जन्मलेल्यांसाठी २०१५ मध्ये नोंदणीची वाट उघडली. २०२२ मध्ये ऐतिहासिक अन्यायामुळे वंचित राहिलेल्या प्रौढांसाठीही तरतूद झाली.

(२९) आजचा नियम उदाहरणाने पाहू. एक मराठी जोडपे लेस्टरमध्ये स्थायिक होऊन ब्रिटिश नागरिक झाले. बाळंतपणासाठी पुण्यात आले असता मुलगी झाली. ती जन्मतःच ब्रिटिश, पण ‘वंशाने’. मोठेपणी तिला पुण्यात मूल झाले, तर ते आपोआप ब्रिटिश होणार नाही. ती स्वतः त्या जन्माआधी ब्रिटनमध्ये सलग तीन वर्षे राहिलेली असेल, तर मूल अठरा वर्षांचे होण्याआधी नोंदणीचा अर्ज करता येतो. किंवा सारे कुटुंब मुलासह तिथे तीन वर्षे राहिले, तरी अर्जाची वाट आहे. १७७२ आणि १९२२ चे तेच प्रश्न नव्या पोशाखात परत आलेले दिसतील.

(३०) मग गोव्याचे काय? पोर्तुगालने गोव्याला वसाहत न मानता स्वतःचा प्रांत मानले आणि तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिक. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारतीय नागरिक झाले. परंतु पोर्तुगालने त्या तारखेपूर्वी जन्मलेल्यांचे नागरिकत्व आपल्या बाजूने पुसले नाही. म्हणून त्यांची मुले-नातवंडे लिस्बनच्या दफ्तरात जन्मनोंद करून दावा सांगू शकतात. पोर्तुगालने जुनी रेषा राखली, ब्रिटनने नवी आखली. मात्र तो दर्जा घेताना भारतीय नागरिकत्व सुटते, हे विसरू नये. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

(३१) इंग्रजांना नावे ठेवून थांबणे सोपे आहे. आपलाही आरसा पाहू. संविधानाच्या कलम ५ ने आई किंवा वडील यांपैकी कोणाचाही भारतातील जन्म ग्राह्य धरला आणि कलम ८ ने परदेशी राहणाऱ्यांना आजी-आजोबांपर्यंतचे नाते सांगण्याची मुभा दिली. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व दिले ते फक्त पित्याच्या नात्याने! आईचे नाते ग्राह्य धरायला १९९२ ची दुरुस्ती यावी लागली, म्हणजे ब्रिटनच्याही नऊ वर्षांनंतर.

(३२) आणि ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या भारतीय अपत्याची नोंद आपल्या वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी हवी. लंडनमध्ये वा दुबईत राहणाऱ्या मराठी आई-बापांना आज हीच धावपळ करावी लागते. १९२२ च्या ब्रिटिश कायद्यातील ती एका वर्षाची मुदत आपल्या कायद्यात अशी भेटते.

(३३) तर, पुण्यात १९३० साली जन्मलेले आजोबा ‘ब्रिटिश’ होते का? ते ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते; ब्रिटनचे नागरिक कधीच नव्हते. नागरिकत्व हा शब्द त्यांच्या आयुष्यात प्रथम आला तो भारताच्या संविधानातून. ट्रंकेतला जुना पासपोर्ट आता परदेशगमनासाठी निरुपयोगी आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकासाठी तो अस्सल दस्तऐवज आहे.

(३४) म्हणून एक विनंती. घरात असे कागद असतील, पणजोबांचा पासपोर्ट, जन्माचा दाखला, चर्चची वा नगरपालिकेची नोंद, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावरील तारीख, गाव आणि दर्जाचा रकाना नीट वाचा. गाव पुणे असेल आणि रकान्यात एक शब्द असेल, भोर असेल आणि दुसराच असेल, तर त्याचे कारण आता तुम्हाला सांगता येईल.  शंका असतील तर खाली जरूर विचारा.